भाऊ किती, ते आधी सांगा

वाचकांचे प्रश्न : इंग्रजी लिहिताना

या महिन्यात 'हू', 'विच', 'दॅट' आणि त्यांच्या मागेपुढे येणारा कॉमा याच विषयावर सर्वांत जास्त पत्रं आली. म्हणून या वेळी तीच घेतली आहेत. बाकीच्यांनी थोडं थांबावं, तुमची पत्रं पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : ताई, मी बार्शीजवळच्या एका शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. मुलांना विशेषण उपवाक्य ओळखता येतं, पण त्याला कॉमा कधी द्यायचा आणि कधी नाही, हे मला धडपणे सांगता येत नाही. 'वाचताना जिथे थांबतो तिथे कॉमा' असं आम्हाला शिकवलं होतं, तेच मी पुढे सांगते. परवा एका मुलाने लिहिलं : 'द बॉय हू स्टडीज हार्ड, विल पास.' मला ते चुकीचं वाटलं नाही. आमच्या एका सरांनी मात्र कॉमा खोडला. बरोबर कोण?

उत्तर : सर बरोबर आहेत. पण त्या मुलाने कॉमा तिथेच का दिला, ते पाहिल्याशिवाय त्याची वही पुढे सरकवू नका. तो कॉमा मराठीतून आला आहे. आपण 'जो मुलगा मन लावून अभ्यास करील, तो पास होईल' असं लिहितो. 'ज्याच्या हाती ससा, तो पारधी' असं लिहितो. मराठीत 'जो'चं वाक्य एकीकडे आणि 'तो'चं वाक्य दुसरीकडे अशी जोडी असते, आणि दोघांच्या मध्ये स्वल्पविराम अगदी शोभतो. इंग्रजीत ती 'तो'ची जागाच नाही. 'द बॉय हू स्टडीज हार्ड' हा सगळा मिळून एकच कर्ता, आणि 'विल पास' हे त्याचं क्रियापद. कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये एकटा कॉमा इंग्रजीत चालत नाही, कर्ता कितीही लांबलचक असो. मुलांना फळ्यावर लिहून विचारा : 'राजू, विल पास' असं लिहाल का? नाही म्हणतील. मग 'द बॉय हू स्टडीज हार्ड' हा त्या राजूच्याच जागेवर आला आहे, एवढं दाखवलं की पुरतं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या वह्यांत ही चूक मी नोकरीभर पाहिली. तिला आळस किंवा निष्काळजीपणा म्हणू नका. मूल आपल्या भाषेचा नियम चोख पाळत असतं, फक्त दुसऱ्या भाषेत पाळत असतं.

आता 'थांबतो तिथे कॉमा' या नियमाबद्दल. तो वर्गातून काढूनच टाका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लांब कर्ता वाचताना कोणीही श्वास घ्यायला थांबतो, आणि नेमका तिथेच कॉमा नको असतो. त्याऐवजी मुलांना हे विचारा : ही माहिती काढून टाकली, तर आपण कोणाबद्दल बोलतोय ते ऐकणाऱ्याला कळेल का? कळत नसेल तर ती माहिती ओळख पटवायला आली आहे. ते 'डिफायनिंग' उपवाक्य, त्याला कॉमा नाही. कळत असेल तर ती माहिती जाता जाता सांगितलेली आहे. ते 'नॉन-डिफायनिंग', त्याला दोन्ही बाजूंनी कॉमा.

दोन वाक्यं घ्या.

'माय ब्रदर हू लिव्ज इन नाशिक इज अ डॉक्टर.'
'माय ब्रदर, हू लिव्ज इन नाशिक, इज अ डॉक्टर.'

दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. पहिल्यात भाऊ एकाहून जास्त आहेत, आणि त्यांतला नाशिकचा तो डॉक्टर. दुसऱ्यात भाऊ एकच आहे. तो डॉक्टर आहे, आणि नाशिकला राहतो हे ओघात सांगितलं. यातलं कोणतं लिहायचं हे व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही, ते लिहिणाऱ्याच्या घरात ठरतं. म्हणून मी वर्गात कॉम्याबद्दल काही सांगण्याआधी एकेका मुलाला उभं करून विचारायची, 'भाऊ किती?' एकुलता भाऊ असलेल्या मुलीला कॉमे द्यावेच लागायचे, तीन भाऊ असलेल्या मुलाने ते द्यायचे नाहीत. एकाच बाकावरच्या दोघांची उत्तरं वेगळी, आणि दोन्ही बरोबर. हे एकदा झालं की मुलं स्वतःच विचारू लागतात : मॅडम, आईला कॉमा लागणारच ना, आई एकच असते! लागणारच. 'माय मदर, हू इज अ नर्स, वर्क्स इन द सिव्हिल हॉस्पिटल.' इथे दुसरा कॉमा विसरू नका, असं मात्र रोज सांगावं लागेल. पहिला देऊन दुसरा विसरणं फार होतं, आणि मग वाक्य उघडंच राहतं.

विशेषनामाचंही तसंच. 'सातारा, विच लाइज ॲट द फूट ऑफ अजिंक्यतारा, …' सातारा हे नाव घेतलं की ओळख पटली, पुढचं सगळं जास्तीचं. पण एखादी चौकस मुलगी विचारेल की 'द सातारा दॅट माय ग्रँडफादर न्यू' असं का लिहितात? तिला शाबासकी द्या. इथे साताऱ्याचेच दोन भाग पाडले आहेत, आजोबांच्या वेळचा आणि आजचा. त्यातला एक निवडायचा, म्हणून नावाआधी 'द' आला आणि कॉमा गेला.

मोठ्या मुलांसाठी एक सूचनाफलक सांगते. एका महाविद्यालयात, फी भरायच्या खिडकीशेजारी, ही सूचना लावलेली मी वाचली आहे :

'स्टुडंट्स, हू हॅव नॉट पेड द फीज, विल नॉट बी अलाउड टु सिट फॉर द एक्झाम.'

हे फळ्यावर लिहा आणि दोन कॉम्यांमधला मजकूर तळहाताने झाका. काय उरलं? 'स्टुडंट्स विल नॉट बी अलाउड टु सिट फॉर द एक्झाम.' म्हणजे विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू देणार नाहीत, एकालाही नाही! कॉम्यांमुळे अर्थ असा झाला की महाविद्यालयातल्या एकाही विद्यार्थ्याने फी भरलेली नाही. फलक लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, 'ज्यांनी फी भरली नाही त्यांना'. त्यासाठी दोन्ही कॉमे काढायचे, एवढंच काम होतं. तळहाताची ही परीक्षा मुलांना कायमची लक्षात राहते. कॉम्यांमधलं झाकूनही वाक्य खरं राहिलं, तर कॉमे योग्य. खोटं झालं, तर काढा.

बोलण्यातही हा फरक ऐकू येतो, म्हणून वाक्यं मोठ्याने म्हणून घ्या. नॉन-डिफायनिंग उपवाक्य म्हणताना इंग्रज माणूस अलीकडे-पलीकडे किंचित थांबतो आणि मधला भाग जरा खालच्या सुरात उरकतो. डिफायनिंग एका दमात जातं, 'ब्रदर हू लिव्ज इन नाशिक' एकाच शब्दासारखं.

प्रश्न : मॅडम, मी कराडला कोर्टाजवळ टायपिंग आणि भाषांतराचं काम करतो. एका मृत्युपत्रात असं वाक्य होतं : 'माझा जो मुलगा शेती पाहतो त्याला विहिरीलगतची जमीन द्यावी.' मी भाषांतर केलं : 'माय सन, हू लुक्स आफ्टर द फार्म, शॅल गेट द लँड अड्जॉइनिंग द वेल.' वकीलसाहेबांनी दोन्ही कॉमे काढायला लावले. मृत्युपत्र करणाऱ्याला दोन मुलगे आहेत. एवढ्याशा कॉम्याने जमिनीचा मालक बदलतो का?

उत्तर : मालक लगेच बदलेल असं नाही, पण भांडणाला जागा नक्की होते. वकीलसाहेबांनी नेमकं सांगितलं. मूळ मराठीत 'माझा जो मुलगा' असं आहे, आणि असा 'जो' निवड करणाराच असतो. दोघांतला शेती पाहणारा, तो. तुमच्या इंग्रजी वाक्यात कॉमे आल्यामुळे निवड गेली. ते वाक्य सांगतं की मला एकच मुलगा आहे, आणि हो, तो शेती पाहतो. उद्या दुसऱ्या मुलाच्या वकिलाने विचारलं की 'माय सन' म्हणजे कोणता, तर कागद उत्तर देत नाही.

तुमच्या धंद्यात मराठीतला एक बारकावा रोज उपयोगी पडेल. 'माझा शेती पाहणारा मुलगा' आणि 'शेती पाहणारा माझा मुलगा' ही दोन्ही सावकाश म्हणून बघा. पहिल्यात 'शेती पाहणारा' हे 'मुलगा' शब्दाला खेटून आहे, तिथे निवडीचा वास येतो : दुसराही एक आहे, तो शेती पाहत नाही. दुसऱ्यात 'माझा मुलगा' आधीच ठरलेला आहे आणि शेतीची गोष्ट वर्णन म्हणून पुढे आली. हा कल आहे, पक्का नियम नाही. म्हणून असं वाक्य समोर आलं की अंदाजाने कॉमा देऊ नका. पक्षकाराला किंवा वकिलाला विचारा : मुलगे किती?

मृत्युपत्र करणारे गृहस्थ हयात असतील तर वकीलसाहेबांना सुचवा की मूळ मराठीतच मुलाचं नाव घालून घ्या. नाव आलं की सगळा अर्थ नावावर उभा राहतो. मग 'हू लुक्स आफ्टर द फार्म' दोन कॉम्यांत बसतं, आणि पुढे नक्कल करताना एखादा कॉमा गळाला तरी जमीन कोणाची यात फरक पडत नाही. शिवाय 'शेती पाहतो' म्हणजे कधी पाहतो, कागद केला तेव्हा की मृत्यूच्या वेळी, हाही वाद नावाने मिटतो. पण हे काम मूळ कागदात व्हायला हवं. भाषांतरात तुम्ही आपल्या मनाने नाव घालायचं नाही. मूळ जितकं संदिग्ध, तितकंच भाषांतर ठेवायचं आणि शंका वकिलांच्या कानावर घालायची.

कोर्ट कॉम्याला किती वजन देतं, हेही माहीत असू द्या. अश्विनीकुमार घोष विरुद्ध अरबिंद बोस या १९५२ च्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हं ही दुय्यम बाब आहे. ते कायद्याच्या मजकुराबद्दल होतं, मृत्युपत्राबद्दल नव्हे. पण बोध आपल्याला लागू आहे : ज्या वाक्याचा अर्थ निव्वळ कॉम्यावर टांगलेला आहे ते वाक्य दस्तऐवजात ठेवू नये.

कॉम्याइतकाच दुसरा धोका म्हणजे उपवाक्य कोणाला लागतं. याबद्दल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा एक निकाल आहे, बार्नहार्ट विरुद्ध थॉमस. पॉलीन थॉमस या बाई लिफ्ट चालवण्याचं काम करायच्या. ते काम गेलं, आणि पुढे त्यांनी अपंगत्वाच्या सरकारी भत्त्यासाठी अर्ज केला. कायद्यात म्हटलं होतं की ज्याला आपलं आधीचं काम करता येत नाही, आणि 'एनी अदर काइंड ऑफ सबस्टॅन्शल गेनफुल वर्क विच एक्झिस्ट्स इन द नॅशनल इकॉनॉमी', म्हणजे देशात उपलब्ध असलेलं दुसरं कोणतंही पोटापाण्याचं काम करता येत नाही, तो अपंग. अधिकारी म्हणाले, लिफ्ट चालवणं तुम्हाला अजून जमतं, भत्ता नाही. बाईंचं म्हणणं होतं की लिफ्ट चालवणाऱ्यांच्या नोकऱ्या आता देशात उरल्याच नाहीत, आणि 'विच एक्झिस्ट्स…' ही अट आधीच्या कामालाही लागू व्हायला हवी. खालच्या अपील न्यायालयाने ते मानलं. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने उलट निकाल दिला : उपवाक्य त्याच्या लगेच आधी आलेल्या शब्दांना लागतं, म्हणजे फक्त 'दुसऱ्या कामा'ला. न्यायमूर्ती स्कालिया यांनी दाखला दिला तो घरातला. आईवडील बाहेरगावी जाताना मुलाला बजावतात : पार्टी केलीस, किंवा घराचं नुकसान होईल असं दुसरं काही केलंस, तर शिक्षा होईल. मुलाने पार्टी केली आणि घराला ओरखडाही आला नाही, तरी शिक्षा चुकत नाही. 'नुकसान होईल असं' हे फक्त 'दुसरं काही'ला लागतं.

निकाल न्याय्य होता का, यावर मतं वेगळी असू शकतात. अस्तित्वातच नसलेली नोकरी करता येते म्हणून भत्ता नाकारायचा, हे मला माणूस म्हणून खटकतं. पण वाचण्याची ती रीत शिकून ठेवण्यासारखी आहे. 'द हाउस अँड द ओपन प्लॉट विच इज ऑन द ईस्ट साइड' असं खरेदीखतात लिहिलंत तर पूर्वेला काय आहे, नुसती मोकळी जागा की घरसुद्धा? चतुःसीमा प्रत्येक मिळकतीची वेगळ्या वाक्यात लिहा. वाक्य एक वाढलं तर वाढू द्या.

प्रश्न : पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहिण्याचं काम करतो. 'द फाइल विच यू हॅव सेव्ह्ड' असं लिहिलं की संगणक खाली रेघ मारतो आणि 'दॅट' वापरा म्हणतो. अमेरिकेतले वरिष्ठही तेच सांगतात. शाळेत तर 'विच' बरोबर होतं. आम्ही चुकीचं शिकलो का?

उत्तर : मुळीच नाही. कॉमा नसलेल्या उपवाक्यात वस्तूसाठी 'विच' आणि 'दॅट' दोन्ही चालतात, आणि ब्रिटिश लेखनात आजही दोन्ही सर्रास दिसतात. आपल्या शाळांत शिकवतात ती वळणं बरीचशी ब्रिटिशच. 'डिफायनिंगला दॅट, नॉन-डिफायनिंगला विच' अशी वाटणी करावी हा विचार ज्यांच्यामुळे पसरला ते कोशकार फाउलर स्वतः इंग्रज होते. त्यांनी १९२६ च्या आपल्या ग्रंथात ती सुचवली, तेव्हाच हेही मान्य केलं की बहुतेक लेखक किंवा उत्तम लेखक असं करतात असा दावा करणं व्यर्थ आहे. पुढे अमेरिकेतल्या संपादकांनी त्या सूचनेचा नियम केला.

खुद्द अमेरिकेत मोठी माणसं काय लिहीत होती ते पाहा. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ ला, अध्यक्ष रूझवेल्ट संसदेत म्हणाले : 'अ डेट विच विल लिव्ह इन इन्फमी.' त्या भाषणाचा टंकलिखित मसुदा जपून ठेवलेला आहे. त्यात आधी 'विल लिव्ह इन वर्ल्ड हिस्टरी' असं होतं. रूझवेल्टनी ते स्वतःच्या हाताने खोडून 'इन्फमी' केलं. 'विच'ला हात लावला नाही.

तरी कचेरीत तुम्ही 'दॅट'च लिहा, आणि मनात किंतू ठेवू नका. तुमची पुस्तिका अमेरिकेत वाचली जाणार आहे. तिथे सवय अशी झाली आहे की 'विच' दिसला की वाचक कॉमा शोधतो. वाचकाची सोय पाहायची. उलट बाजूला मात्र सवलत नाही, तिथे ब्रिटिश-अमेरिकन असा भेदही नाही : कॉमा देऊन 'दॅट' लिहू नये. 'द सर्व्हर, दॅट इज इन मुंबई, …' हे आजच्या प्रमाण लेखनात कुठेच चालत नाही.

प्रश्न : मी बारावीत आहे. 'द बुक दॅट आय बॉट' मधला 'दॅट' गाळता येतो असं क्लासचे सर म्हणाले. मग 'हू' पण गाळता येतो का? कसं ओळखायचं?

उत्तर : 'हू', 'विच' किंवा 'दॅट'च्या लगेच पुढे काय आहे ते बघ. पुढे नवा कर्ता आला असेल, 'आय', 'माय फादर', 'द टीचर' असं काही, तर गाळता येतं : 'द बुक आय बॉट', 'द मॅन माय फादर मेट'. पुढे थेट क्रियापद आलं असेल तर गाळायचं नाही, कारण मग 'हू'च कर्ता आहे. 'द गर्ल लिव्ज नेक्स्ट डोअर इज माय फ्रेंड' हे वाक्य कोलमडतं. आणि कॉम्यांमधल्या उपवाक्यातून काहीही गाळायचं नाही. मराठीत आपल्याला 'मी घेतलेलं पुस्तक' असं म्हणता येतं, तिथे 'जे' लागतच नाही. 'द बुक आय बॉट' त्याच्या अगदी जवळचं आहे. ते बिनधास्त वापर, उत्तरपत्रिकेतसुद्धा.

प्रश्न : माझी नात न्यू जर्सीत शिकते. ती 'द पीपल दॅट केम होम' असं म्हणते. माणसांना 'हू' हवं ना? शिवाय 'द हाउस हूज रूफ' असंही लिहिते. घराला 'हूज' कसं?

उत्तर : आजी, दोन्ही बरोबर आहेत, नातीला टोकू नका. माणसांसाठी 'दॅट' इंग्रजीत फार जुना आहे. उपवाक्य जोडणारं 'हू' त्या मानाने नंतरचं. आज औपचारिक लेखनात माणसांना 'हू' बरं दिसतं, एवढाच फरक. आणि 'हूज'ला वस्तूंसाठी वेगळं सुटसुटीत रूपच नाही. 'द हाउस द रूफ ऑफ विच' लिहिता येतं, पण बोलताना जीभ अडखळते. चांगले लेखक शतकानुशतकं वस्तूंना 'हूज' लावत आले आहेत.

प्रश्न : 'ही पास्ड इन फर्स्ट क्लास, विच सरप्राइज्ड एव्हरीवन.' इथे 'विच' कशाबद्दल आहे? 'क्लास'बद्दल?

उत्तर : नाही, मागच्या अख्ख्या वाक्याबद्दल. तो पहिल्या वर्गात पास झाला, याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं. मराठीत आपण इथे 'याचं', 'हे', 'ही गोष्ट' असं म्हणून दुसरं वाक्य सुरू करतो. अशा 'विच'आधी कॉमा नेहमीच लागतो, आणि तिथे 'दॅट' किंवा 'व्हॉट' चालत नाही. आपल्याकडची मुलं 'व्हॉट सरप्राइज्ड एव्हरीवन' लिहितात, ते टाळा. आणि 'विच'च्या अलीकडचा शब्द वाचणाऱ्याला चकवणारा असेल, तर सरळ दोन वाक्यं करा : 'ही पास्ड इन फर्स्ट क्लास. दिस सरप्राइज्ड एव्हरीवन.'